भाडेकरूला घाबरता, हिशेबाला का नाही?

"आमचा एक फ्लॅट आहे, पण भाड्याने देत नाही. कोण ती कटकट मागे लावून घेणार!" हे वाक्य ऐकलं नाही असा मध्यमवर्गीय मराठी माणूस विरळा. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने देशातल्या शहरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरं रिकामी असल्याची नोंद केली होती. त्यात पहिला नंबर महाराष्ट्राचा होता, सुमारे २० लाख घरांचा. म्हणजे एकीकडे कुलूपबंद फ्लॅट, तर दुसरीकडे दर रविवारी एजंटच्या स्कूटरमागून घरं बघत फिरणारी जोडपी.

याच्या अगदी उलट टोकाला हल्ली एक नवा वर्ग तयार झालाय. वय तिशीच्या आसपास, दोघांचा पगार चांगला, मोबाइलवर 'पॅसिव्ह इन्कम'चे व्हिडिओ पाहिलेले. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल या भरवशावर ही मंडळी दुसरा फ्लॅट बुक करून मोकळी होतात. पहिल्या गटाला भाडेकरूची नको तितकी भीती आणि दुसऱ्याला हिशेबाची नको तितकी बेफिकिरी. माझ्या मते घरमालकाचं नुकसान क्वचितच भाडेकरूच्या दांडगाईमुळे होतं. ते होतं चुकीच्या भावात, जड कर्जावर घर घेतल्यामुळे, ते महिनोन्‌महिने रिकामं राहिल्यामुळे आणि कागद अर्धवट ठेवल्यामुळे.

भीतीचा उगम

भीती अगदीच निराधार नव्हती. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. गिरगाव-परळच्या चाळींतून आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांतून नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाडं राहिली. मालकाला ना दुरुस्ती परवडे, ना घर परत मिळे. त्यावर उपाय म्हणून लोक 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे निव्वळ वापराच्या परवानगीवर, जागा देऊ लागले, तर १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. आज सत्तरीत असलेल्या घरमालकाच्या मनात ती आठवण अजून ताजी आहे आणि तीच पुढच्या पिढीकडे गेली आहे.

पण त्यालाही आता अर्धशतक उलटलं. ३१ मार्च २००० पासून राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४नुसार लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. न सोडल्यास मालकाने दिवाणी कोर्टाचे उंबरठे झिजवायचे नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने द्यावी लागते. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो.

आणि ते 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं'? गैरकब्जाने मालकी सांगायची तर ताबा मालकाच्या हक्काला उघड विरोध करणारा असावा लागतो. तुमच्या परवानगीने, तुमच्याशी करार करून, तुम्हाला दरमहा पैसे देऊन राहणाऱ्याचा ताबा तसा नसतोच. बारा नव्हे, बावीस वर्षं राहिला तरी निव्वळ राहण्याने तो मालक होत नाही. मात्र कागदच नसेल तर वाद घालायला जागा मिळते. कागदाकडे पुढे येऊच, त्याआधी पैशाचं बोलू.

घेण्याआधी कागद-पेन्सिल

पुण्याच्या उपनगरातला ८० लाखांचा टू बीएचके घ्या. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. खरेदीदार महिला असेल तर मुद्रांकात एका टक्क्याची सवलत मिळते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा रिसेलच्या फ्लॅटवर तो नाही. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, एखाददुसरं कपाट यांत दोनेक लाख कुठे गेले कळत नाही. म्हणजे घर पडलं ८८ लाखांना.

भाडं धरू महिन्याला २४ हजार, वर्षाचे २ लाख ८८ हजार. बिल्डरचा सेल्समन इथे थांबतो, आपण थांबायचं नाही. दरवर्षी सरासरी एक महिना घर रिकामं जातं, २४ हजार कमी. मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो. साडेतीन हजारांनी वर्षाचे ४२ हजार. घरपट्टी १५ हजार धरा. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की जाते, हे अनेकांना थकबाकीची नोटीस आल्यावर कळतं. रंग, प्लंबर, गिझरची कॉइल यांसाठी सरासरी १५ हजार आणि एजंटची दलाली, करारनाम्याचा खर्च मिळून १० हजार. हाती राहिले १ लाख ८२ हजार. ८८ लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांच्या जेमतेम वर जातो आणि त्यावर आयकर अजून भरायचाच आहे. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा कितीतरी अधिक देते, तीही रात्री अकरा वाजता 'काका, नळ गळतोय' असा फोन न करता.

आता यात कर्ज घाला. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो ५२ हजारांचा. पहिल्या वर्षी व्याजच पाच लाखांच्या वर जातं आणि पूर्ण वर्षाचं भाडं आलं २ लाख ८८ हजार. म्हणजे सुरुवातीला दरमहा तीसेक हजार खिशातून घालायचे. भाड्यातून हप्ता फिटतो ही आजच्या भावांत, आजच्या व्याजदरात पुण्या-मुंबईत निव्वळ दंतकथा आहे.

मग लोक घेतात कशासाठी? भाव वाढेल म्हणून. वाढतोही, पण कधी आणि किती याची हमी कुणी देत नाही. २०१४ ते २०२० या काळात पुण्या-मुंबईच्या बऱ्याच भागांत भाव जवळजवळ जागच्या जागी होते. त्या सहा वर्षांत हप्ते मात्र थांबले नव्हते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फक्त भाड्यासाठी, निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाऊ काढून निवासी फ्लॅट घेऊ नये. पुढे दहा वर्षांत तो मुलांसाठी किंवा स्वतःला राहायला लागणार असेल, कर्ज निम्म्यापेक्षा कमी असेल आणि सहा महिने घर रिकामं राहिलं तरी हप्त्याला धक्का लागणार नसेल, तर जरूर घ्या. वडिलोपार्जित किंवा कर्ज फिटलेला फ्लॅट हातात असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे विचार घ्यायचा की नाही असा नसतो, बंद का ठेवायचा असा असतो.

दुकान किंवा ऑफिसच्या गाळ्यात टक्केवारी जास्त दिसते हे खरं. पण गाळा रिकामा पडला की वर्ष-वर्ष पडून राहतो, आणि जीएसटीचं वेगळं गणित मागे लागतं. पहिल्याच फेरीत त्या वाटेला जाऊ नका.

भाडेकरूच्या डोळ्यांनी घर बघा

स्वतःसाठी घर घेताना आपण सूर्योदय, वास्तू, डोंगराचा देखावा बघतो. भाड्याने राहणारा यातलं फारसं काही बघत नाही. तो विचारतो ते इतकंच: ऑफिसला किती वेळ, पाणी टँकरचं की महापालिकेचं, दुचाकी लावायला जागा आहे का, इंटरनेट कुठल्या कंपनीचं चालतं. खराडी, हिंजवडी, वाकडसारख्या भागात कंपनीच्या गेटपासून पंधरा मिनिटांवरचा साधा वन बीएचके, तासाभरावरच्या जलतरण तलाववाल्या थ्री बीएचकेपेक्षा लवकर जातो आणि किमतीच्या मानाने भाडंही जास्त देतो. मोठं हॉस्पिटल किंवा कॉलेज जवळ असलेला लहान फ्लॅट मंदीतही फार काळ रिकामा राहत नाही.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी नऊला जा. रस्ता किती तुंबतो, लिफ्टपुढे किती लोक उभे असतात, टँकर आत येतोय का, सगळं दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पाण्याचं खरं रूप कळतं, ऑगस्टमध्ये गेलात तर भिंतींचं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत मेंटेनन्स दर उन्हाळ्याला वाढतो आणि तो वाढीव बोजा भाडेकरू नव्हे, तुम्ही उचलता. वॉचमनला विचारा की किती फ्लॅट रिकामे आहेत आणि भाडं काय चाललंय. एजंटपेक्षा त्याचा आकडा खरा असतो. बाकी भोगवटा प्रमाणपत्र, रिसेल असेल तर सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, नवीन प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट यांत काटकसर करायची नसते.

अकरा महिन्यांचं काय ते

'अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी बास' हा सल्ला आजही मोफत मिळतो. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात मात्र तिचा उपयोग नाही. १९९९च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, राहणाऱ्याची नाही. चुकवलीत तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी मेख वेगळीच आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करत बसायचं ते तुम्ही. ज्या भीतीपोटी लोक नोटरीवर भागवतात, तीच भीती नोटरी खरी करून दाखवते.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर तो लागतो. २४ हजार भाडं, ७२ हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर बेरीज होते २ लाख ७० हजार ६०० आणि शुल्क सातशेच्या आसपास. नोंदणी शुल्क शहरी भागात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. हे सगळं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतं. एजंटचा माणूस अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. हाच दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. चांगली माणसं मिळाली असतील तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करून दरवर्षीची धावपळ वाचवा. भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार ते त्यातच लिहून टाका. पाच टक्के सर्वसाधारण चालतात.

मसुदा एजंटकडे तयारच असतो आणि तो न वाचता सह्या होतात. निदान काही ओळी डोळ्यांखालून घाला. मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची नोटीस, लॉक-इन किती महिन्यांचं आणि ते दोघांनाही लागू आहे का, वीज-गॅस कुणाकडे आणि मेंटेनन्स कुणाकडे, रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, प्रत्यक्षात कोण कोण राहणार त्यांची नावं, पोटभाडेकरू ठेवायला मनाई. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. पुण्यात नेहमीचा प्रश्न म्हणजे मुलगा अमेरिकेत आणि करार करणार त्याची आई. अशा वेळी परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं लागतं, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सही चालत नाही.

मधूनच 'देशभर नवा भाडे कायदा लागू, डिपॉझिट दोनच महिन्यांचं' असा संदेश फिरतो. केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात निवासी घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली हे खरं. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे.

माणूस कसा पारखायचा

'फक्त फॅमिली', 'शुद्ध शाकाहारी', 'बॅचलर नको' अशा पाट्या लावून आपण निम्मं गिऱ्हाईक दारातच परत पाठवतो आणि मग घर जातच नाही म्हणून कुरकुरतो. आडनाव, जात, धर्म किंवा ताटातलं अन्न यांवरून कुणी भाडं वेळेवर देईल की नाही हे ठरत नाही. नैतिक बाजू तर आहेच. पण निव्वळ व्यवहार बघितला तरी हा तोट्याचा सौदा आहे. नोकरी करणाऱ्या तीन मुली किंवा तीन मुलगे एकत्र राहतात तेव्हा भाडं तीन पगारांतून येतं. एकाची नोकरी गेली तरी घर चालतं.

पारखायचं ते वेगळंच. कंपनीचं ओळखपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं बघा. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल तर पुढे ओढाताण ठरलेली. आधीच्या घरमालकाचा नंबर मागा आणि खरंच फोन करा. एवढंच विचारा: पैसे कितव्या तारखेला यायचे आणि घर सोडताना काय अवस्थेत सोडलं? सध्याच्या मालकाला विचारण्यात अर्थ नाही. नको असलेला भाडेकरू जावा म्हणून तो तोंड भरून कौतुक करील. टोकन न देता, घर धड न बघता 'उद्याच येतो, डिपॉझिट नंतर देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

राहायला येणाऱ्यांची माहिती पोलिसांना देणं चुकवू नका. पुणे, मुंबईसारख्या शहरांत ती ऑनलाइन भरता येते आणि मालकाने ती द्यावी असे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. परदेशी नागरिकाला घर देत असाल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती प्रशासनाला कळवणं ही तुमची जबाबदारी आहे. विद्यार्थ्यांना घरं देणाऱ्या पुणेकरांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सोसायटीची 'परवानगी' हा आणखी एक बागुलबुवा. आदर्श उपविधींनुसार घर लायसन्सवर देताना सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. मागायची असते ती परवानगी नव्हे. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्कही (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) मनाला येईल तसं लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के ठरवली आहे. लक्षात घ्या, सेवा शुल्काच्या, एकूण बिलाच्या नव्हे. घरपट्टीची रक्कम त्यात धरायची नाही. सेवा शुल्क २,५०० असेल तर हे शुल्क २५०च्या पुढे जात नाही. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. कमिटी दुप्पट मेंटेनन्स मागत असेल तर चहा पिता पिता भांडू नका. आदेशाची प्रत जोडून लेखी पत्र द्या.

चावी देताना, चावी घेताना

मालक-भाडेकरूंची बहुतेक भांडणं डिपॉझिट परत करताना होतात आणि ती टाळायला अर्धा तास पुरतो. चावी देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घरात फिरायचं. भाडेकरूच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि तो त्यानेच तुम्हाला पाठवायचा. प्रत्येक नळ सोडून बघायचा, सिंकखाली हात घालून ओल आहे का ते पाहायचं. गिझर लावून पाच मिनिटं थांबायचं. कपाटांची दारं, बाल्कनीची जाळी, मुख्य दाराचं लॅच, बेडरूमच्या खिडकीजवळचा आधीचाच फुगवटा, हे सगळं त्यात यावं. शेवटी वीज मीटरसमोर जायचं, ग्राहक क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसतील असा फोटो घ्यायचा. पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा. मग एका कागदावर यादी: पंखे चार, ट्यूब सहा, पडद्यांचे रॉड पाच, चाव्यांचे जुडगे दोन. खाली दोघांच्या सह्या. घर सोडताना हीच यादी हातात घेऊन हाच फेरा मारायचा.

वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांत फरक करायला शिका. दोन वर्षं चौघे राहिले तर भिंतींवर डाग पडणार, स्विच पिवळे पडणार, नळाचा वॉशर जाणार. याचे पैसे कापणं हा लबाडीचाच प्रकार. फुटलेलं बेसिन, तुटलेलं दार, भिंतीत ठोकलेले बारा खिळे याचे जरूर कापा, पण बिल दाखवून. डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नव्हे. आल्या दिवशीच ते वेगळ्या ठेवीत टाका, म्हणजे परत करताना 'नवा भाडेकरू आला की त्याच्यातून देतो' असं म्हणायची वेळ येणार नाही. मुंबईत काही ठिकाणी 'हेवी डिपॉझिट' चालतं: दहा-पंधरा लाख एकरकमी घ्यायचे आणि भाडं शून्य किंवा नाममात्र. कर्जात बुडालेल्या मालकाला ते आकर्षक वाटतं; पण पैसे खर्च झालेले असतात आणि मुदत संपली की परत द्यायला दमडी नसते. मग जागा अडवून बसलेल्या भाडेकरूची बाजू नैतिकदृष्ट्याही बळकट होते. त्या फंदात पडू नका.

दुरुस्तीला उशीर करणारा मालक स्वतःचाच खिसा कापतो. पावसाळ्यात छताला ओल आली तर आधी ती कुठून येते ते शोधा. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्या बाथरूममधून असेल तर वरच्या मालकाचा. सोसायटीला लेखी कळवा, भाडेकरूला त्याची प्रत पाठवा. त्याला बहुतेक वेळा दुरुस्तीपेक्षा आपलं कुणी ऐकतंय एवढंच हवं असतं. चांगला भाडेकरू टिकवण्यासाठी भाडेवाढ हजाराने कमी केलीत तर वर्षाचे बारा हजार सोडता. तो गेला आणि घर महिनाभर रिकामं राहिलं तर चोवीस हजार आणि वर दलाली जाते. 'एवढी माणसं रांगेत आहेत' हा बहुतेक मालकांचा गैरसमज असतो.

आयकर

भाड्याचं उत्पन्न लपवण्यात शहाणपण नाही. नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्याची सवलत घेतो आणि वर्षाचं भाडं लाखावर असेल तर मालकाचा पॅन त्याला कंपनीत द्यावा लागतो. तुम्ही भरलेली घरपट्टी वार्षिक भाड्यातून वजा होते. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग दुरुस्तीवर तुम्ही एक रुपया खर्च केलेला असो वा लाख. मेंटेनन्स, रंगकाम याची वेगळी वजावट मात्र नाही. वरच्या उदाहरणातले २ लाख ८८ हजार घ्या: घरपट्टीचे १५ हजार गेले, उरलेल्याचे ३० टक्के गेले, करपात्र उरले १ लाख ९१ हजार. कर्ज असेल तर त्याचं व्याजही वजा होतं. तोटा आला तर जुन्या करप्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तसा वजा होत नाही. 'कर वाचतो म्हणून दुसरा फ्लॅट' हा जुना युक्तिवाद नव्या प्रणालीत गेलेल्यांनी विसरावा.

महिन्याचं भाडं ५० हजारांवर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही कमी असो, कापावाच लागतो आणि दर तीस टक्क्यांच्या वर जातो. परदेशातल्या मुलांच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्या आई-वडिलांनी हे भाडेकरूला आधीच सांगावं आणि भाडं आपल्या खात्यात न घेता मुलाच्या एनआरओ खात्यात जमा करायला सांगावं.

आणि नाहीच गेला तर?

क्वचित कुणी अडून बसतोच. तेव्हा वीज तोडणं, पाणी बंद करणं, तो बाहेर गेल्यावर कुलूप बदलणं, चार धिप्पाड माणसं पाठवणं यातलं काहीही करू नका. तुमची बाजू खरी असूनही पोलीस ठाण्यात आरोपी तुम्ही व्हाल. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लेखी विचारणा करा: राहणार की जाणार? मुदतीनंतर नवा करार न करता भाडं घेत राहणं ही सर्वांत मोठी ढिलाई. तारीख लक्षात ठेवा. तरीही तो हलला नाही तर वकिलाची नोटीस आणि मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर निकाल तुमच्या बाजूने लागतो. प्रत्यक्षात काही महिने जातात, पण नोंदणीकृत करार हातात असेल तर बोलण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसतं.

घरात एखादा बंद फ्लॅट असेल तर दुसरा घेण्याच्या गोष्टी सध्या बाजूला ठेवा. तो एकदा उघडून या, नळ वाहतात का बघा, एक हात रंगाचा मारा. पुण्यात भाड्याच्या घरांची सर्वांत जास्त मागणी मे ते जुलैमध्ये असते, कॉलेजांचे प्रवेश आणि नोकरीतल्या बदल्या तेव्हाच होतात. एप्रिलमध्ये घर तयार ठेवा.